खालच्या काड्या

गणपती पेठेत, जिन्याच्या वर आमचं ऑफिस.
सव्वानवाच्या आत तिथं दोनच माणसं पोचतात :
मी, किल्ली घेऊन,
आणि आदगोंडा मगदूम,
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.

मार्केट यार्डात एकोणचाळीस वर्षं तोलार.
नखांच्या मुळाशी हळद अजून आहे,
की मलाच तसं दिसतं, कोण जाणे.
खात्यात तीन कंपन्यांचे शेअर,
तेही जावयानं घेऊन दिलेले; विकत नाहीत, घेत नाहीत.
स्क्रीनसमोर मात्र रोज,
आणि वरचा तो तांबडा-हिरवा चढउतार,
ज्याच्यावर आम्हा सगळ्यांचे डोळे फुटतात,
तो ते बघतच नाहीत.
तळाशी ज्या ठेंगण्या काड्या उभ्या असतात
त्या बघतात.

"वर हाय ती बोली," म्हणतात.
"बोली काय, कुणीबी करतंय.
रुमालाखाली चार बोटं दाबली की झाली बोली.
पोती किती हलली, ते खाली हाय."

फाल्गुनात कुपवाडची एक पंपाची कंपनी उठली.
तीन दिवसांत सतरा टक्के.
विश्रामबागेतून फोन, माधवनगरातून फोन,
चहावाल्या पोरानंही कान टवकारले.
काका वाकले. काडी उंदराच्या दाताएवढी.
"दोघंच हाईत. ह्यो त्याला विकालाय, त्यो ह्याला.
गल्लीत कोण न्हाई अजून."
मी हसलो. चहा सांगितला.

चैत्रात काड्या वाढल्या.
एकेक अशी, की पडद्याची चौकट पुरेना.
आणि भाव जिथल्या तिथं,
उन्हात बांधलेल्या म्हशीसारखा.
म्हटलं, बघा काका, आली की गल्ली!
ते म्हणाले, "माल घरी किती गेला?"

डिलिव्हरीचा आकडा मी कधी उघडत नाही.
उघडला. शंभरात नऊ.

बराच वेळ ते पंख्याकडे बघत होते.
मग म्हणाले :
"एका अडत्यानं चाळीस पोती
ह्या दारानं आत, त्या दारानं भाईर,
दुपारपातूर चारदा तोलून घेतली माझ्याकडनं.
मी लिवत गेलो. वजनं खरी व्हती, किलोचाबी फरक न्हाई.
लोक म्हणाले, काय उठाव हाय हळदीला आज!
चौथ्या खेपंला एका पोत्याची शिवण वळखली.
निळा दोरा. माझ्याच हातचा टाका."

मग?

"मग काय. पोरगी बाळंतपणाला आलती.
लिवलं चौथ्यांदाबी.
सांजच्याला तासगावच्या एका माणसानं
चढ्या भावात सगळा लॉट उचलला.
तेवढाच माल खरा घरी गेला."

यानंतर काय बोलायचं असतं, मला माहीत नाही.
खाली पेठेत कुणीतरी शटर वर ढकललं,
आणि फोन वाजला.

मिरजेच्या शमशाद मुजावर, शाळेतल्या बाई.
दोन वर्षांनी रिटायर.
"त्या पंपाचं घेऊ का हो? सगळे घेतायत म्हणे."
दोन्हीकडून दलाली पडते आमच्या पदरात,
घेतलं तरी, विकलं तरी;
न घेतल्याची तेवढी पडत नाही.

"व्हॉल्यूम चांगला आहे, मॅडम," मी म्हणालो.
यात एक अक्षर खोटं नव्हतं.

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही.
चष्मा काढला,
काडीचा दोरा सोडला,
दातात धरून पुन्हा आवळायला लागले.

"हॅलो," बाई म्हणत होत्या, "हॅलो, मग टाकू ना?"

थांबा, मी म्हणालो. मॅडम, एक मिनिट.
आणि रिसीव्हरवर हात ठेवून
मी कितीतरी वेळ नुसता उभा.